रिकामटेकड्या पेन्शनराचा आठवडा – मोडी, सडा, तांडेल आणि साहेबाचे ओटे

सडाफटिंग (धागाकर्ता)

भूमिअभिलेखात जन्म गेला. आधी शंकू-साखळी, मग प्लेन टेबल, शेवटी जीपीएस. यंत्रं बदलली, पण दोन भावांच्या मध्ये उभं राहून बांध दाखवणं तेवढं कायम राहिलं. निवृत्तीच्या दिवशी शाल देऊन सगळ्यांनी सांगितलं, आता आराम करा. नोकरीत निदान रविवार तरी मोकळा मिळायचा!

राहतो राजापूर-देवगडच्या पट्ट्यात. इथे इतिहासाची आवड असलेले गट चार, आणि माणसं मोजली तर सगळी मिळून तीच दहा-बारा. मोडीच्या वर्गाला जो वही घेऊन बसतो, तोच शनिवारी सड्यावर (उघड्या कातळाच्या पठारावर) टेपचं दुसरं टोक धरतो. फक्त बॅनर बदलतो. मध्यंतरी एकाने विचारलं होतं, निवृत्तीनंतर इतिहासाचं काम म्हणजे तुम्ही नक्की करता काय? चहा पिता की भाषणं ऐकता? दोन्ही करतो. उरलेलं इथे लिहितो.

सोमवारी मोडी. लोकांनी घरातले जुने कागद आणायचे आणि आम्ही जमेल तसे वाचून द्यायचे. येणाऱ्याला मनातून वाटत असतं की शिवाजी महाराजांचं पत्र निघेल, नाहीतर पुरलेल्या हंड्याचा पत्ता. निघतं गहाणखत. गेल्या सोमवारी एका घरातून रुमाल आला. (नव्या मंडळींसाठी: कागद बांधून ठेवायचं कापड म्हणजे रुमाल.) गाठ सोडवतानाच कसर बाहेर पळाली. कागद हातकागद, शाई काजळीची, अजून काळीभोर. पण घड्यांवर फाटलेला, आणि घरातल्याच कुणीतरी मायेने सेलोटेप लावलेली. ती टेप पिवळी होऊन आता अक्षरं घेऊनच सुटते. तेव्हा हात जोडून सांगतो, जुन्या कागदाला टेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. कोरड्या मऊ ब्रशने झाडा, सावलीत सुकवा, सुती कापडात बांधा, आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका.

कागदात काय होतं? फणस. सामाईक परड्यातल्या एका फणसाची दोन भावांत वाटणी, आणि फळं कुणी कधी उतरवायची याचा करार. माझ्या नोकरीतली निम्मी भांडणं असल्याच झाडांची. वाचता वाचता मला हसू आवरेना, आणि ज्यांचा कागद होता त्या बाईंना कळेना की हा माणूस का हसतोय.

मोडी वाचायला लोक घाबरतात ते अक्षरांना. खरी गंमत दुसरीकडेच आहे. पानभर आधी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला टांगतात. शब्द तोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ नाही. वाक्य कुठे संपलं ते अर्थावरूनच ताडायचं. वर पुन्हा तारीख अरबी संख्याशब्दांत. 'सीत खमसैन मया व अलफ' म्हणजे सहा, पन्नास, शंभर आणि हजार, एकूण ११५६. हा शुहूर सन, जुन्या मराठी कागदांवर घालत ती कालगणना. तो मृगाला सुरू होतो, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. विजयदुर्ग फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला तो याच साली. आकड्यांची ही बाराखडी पाठ झाली की कागद बोलायला लागतो.

मंगळवारी तेच सगळं टाइप करायचं. यावर लिहिण्यासारखं काही नाही, डोळे दुखतात.

बुधवारी आठवणींचं रेकॉर्डिंग. या खेपेला एका निवृत्त तांडेलांकडे (होडीच्या प्रमुखाकडे) गेलो होतो. वय नव्वदीच्या आसपास. मोबाइल चटईवर उशीशेजारी ठेवला आणि पंखा बंद केला, कारण आवाजात घरघर येते. पंखा बंद झाल्यावर आजोबांनी आठवणी झपाझप आटोपायला घेतल्या! मग पंखा चालू केला आणि घरघर पत्करली. मतलई वारा सुटला की पहाटे शीड कसं उभारायचं, दुपारी खारा वारा धरून घरी कसं यायचं, हे सांगताना हात असे फिरत होते की दोरी त्यांच्या हातात दिसायलाच लागली. ते एखादं साल सांगत आणि आतून आजी ओरडत, "नाही हो, तेव्हा थोरलीचं लग्न झालेलं." शेवटी साल आजींनीच ठरवलं. मी दोघांचीही विधानं वेगवेगळी लिहून घेतली.

गुरुवारी बैठक. विषय, पुढच्या कार्यक्रमाच्या बॅनरवर कुणाचा फोटो. दीड तास. पुढे.

शुक्रवार घरच्यांनी राखून ठेवलाय. पाडेली (नारळ उतरवणारा) आला होता, नारळ मोजले.

शनिवारी सडा. कातळशिल्पांबद्दल (सड्याच्या कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्यांबद्दल) आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नऊ ठिकाणं गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसयमाळ. पण ही नऊ सोडून सड्यासड्यांवर अजून कितीतरी आहेत. त्यांची साधी मोजमापं घ्यायची तरी माणसं लागतात. इथे माझी जुनी विद्या कामाला येते. आधी एक सरळ पायारेषा टाकायची, दोन्ही टोकं पक्की करायची, आणि आकृतीच्या प्रत्येक वळणापासून त्या रेषेवर काटकोनात अंतर घ्यायचं. शेताचा गट मोजायची रीत हीच. तेहतीस फुटांची साखळी लांब आणि तेवढीच रुंद म्हणजे एक गुंठा. कशेळीच्या हत्तीला आडवा-उभा धरला तर दोन गुंठे सहज लागतील. अठरा मीटर लांबीचा हत्ती, आणि त्याच्या पोटात लहान-मोठे कितीतरी प्राणी! उभ्या माणसाला हत्ती दिसतच नाही, रेषाच रेषा दिसतात.

वेळ सकाळी उन्हं कलती असतानाची किंवा संध्याकाळची. बारा वाजता जाल तर तापलेल्या कातळावर पाय भाजेल आणि काही दिसणारही नाही. आणि कृपा करून फोटोत उठून दिसावं म्हणून चुना, खडू, रांगोळी भरू नका. परवा एका ठिकाणी कुणीतरी आकृतीतल्या माणसाला ऑइल पेंट फासलेला सापडला. जांभा सच्छिद्र, रंग आत शिरतो. तो आता निघणार नाही.

रविवारी विजयदुर्ग. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपले विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्ग आहेत. तेव्हापासून कुणी ना कुणी पाहुणे घेऊन येतंच, आणि फिरवायला आम्ही. साहेबाच्या ओट्यांपाशी (किल्ल्यातल्या जुन्या चौथऱ्यांपाशी) आलो की कुणीतरी सांगतोच, "इथेच हेलियमचा शोध लागला." मग मी घसा खाकरतो. बाकीचे गटवाले माझ्याकडे असे बघतात की आता हा सुरू होणार.

सुरू होतो का, तर होतो. पण ते प्रतिसादांत, कुणी विचारलं तर.

---

बंदरकर

विचारलं! लहानपणापासून ऐकतोय की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही करतात. आता त्यावरही पाणी ओतणार का काका?

---

सडाफटिंग

पाणी नाही, तारखा ओततो. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण खरं. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रात गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्याने घेतला, आणि त्याच्या ध्यानात आलं की हे ग्रहणाशिवायही बघता येईल. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये. त्याने २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच, ग्रहण नसताना, त्या ज्वाळा वर्णपटदर्शकातून पाहिल्या. पिवळी रेषा सोडियमच्या रेषांजवळची, पण त्यांच्याशी जुळणारी नव्हे. हे नवं मूलद्रव्य असावं असं म्हणून पुढे हेलियम नाव पडलं. पृथ्वीवर तो हाती लागला १८९५ मध्ये, रॅम्झेने युरेनियमच्या खनिजातून काढला तेव्हा.

मग विजयदुर्ग कुठे येतो? येतो, आणि थाटात येतो. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला हाच लॉकियर मोहीम घेऊन विजयदुर्गला उतरला होता. सोबत ब्रिटिश आरमाराचं 'मेल्पोमीन' जहाज. जहाजावरचे खलाशी शिकवून तयार केले आणि निरीक्षणाच्या कामाला जुंपले. ओटे या मोहिमेचे मानणं जास्त सयुक्तिक. दुर्बीण हलू नये म्हणून पक्का चौथरा लागतो, आणि तो लागण्याइतका मुक्काम १८९८ चा आहे.

---

हापूसप्रेमी

म्हणजे ओटे लॉकियरचेच, फक्त हेलियमचे नाहीत. काका, एवढ्यासाठी कशाला लोकांचा उत्साह घालवता? गावाला अभिमान वाटतो, पोरं विज्ञानाकडे वळतात, पर्यटक येतात. तीस वर्षांचाच तर फरक आहे.

---

सडाफटिंग

तीस वर्षांचा फरक सात-बाराला चालेल का हो? :)

उत्साह कोण घालवतोय? मला तर १८९८ ची गोष्टच जास्त आवडते. हेलियमचा शोध कुणीतरी कुठेतरी लावला, ती साहेबाची गोष्ट. जानेवारीतल्या एका दिवशी भरदुपारी अंधार पडला, किल्ल्यात दुर्बिणी मांडलेल्या आणि आरमाराचे खलाशी डोळे लावून बसलेले, ही विजयदुर्गाची गोष्ट. त्या दिवशी खाली बंदरावर काय चाललं होतं? गावातल्या बायकांनी पाण्यात तुळशीपत्र टाकलं असेलच. कुणाच्या आजीच्या तोंडी काही शिल्लक होतं का? ते विचारायचं सोडून आपण दुसऱ्याच्या तारखेला केक कापतो. विज्ञानाचा दिवस जरूर करा. सोबत २२ जानेवारीही करा. हंगाम छान असतो, पाऊस नाही.

---

तिसरी मंझिल

दोन्हीकडची बाजू पटली. पण मला एक खटकतं. इतिहासगट म्हटलं की किल्ला, मोडी, सनद. मोडी कागद कुणाच्या घरात सापडणार? खोताच्या (गावचा सारा वसूल करणाऱ्याच्या), कुलकर्ण्याच्या, देवस्थानाच्या. कुळाच्या (जमीन कसणाऱ्याच्या) घरात कागद नसतोच, असला तर त्याच्यावरच्या कर्जाचा. मी अलिबागकडची. आमच्याकडे चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ चालला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. गावोगाव जमिनी ओस ठेवल्या, लोक जंगलात लाकूडफाटा विकून जगले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांचे नातू आज साठी-सत्तरीचे आहेत. त्यांच्याकडे किती गट जातात? तुमच्या आठवड्यात सोमवार कागदांना, शनिवार दगडांना, रविवार किल्ल्याला, आणि जित्या माणसाला एक बुधवार.

---

सडाफटिंग

ताई, बरोबर बोललात आणि उत्तर देणं अवघड आहे. थोडं सांगतो. कुळाची बाजू खोताच्या कागदातही असते, पण उलटी धरून वाचावी लागते. 'अमक्याने यंदा धारा दिला नाही' या एका ओळीत काय काय असतं! पीक बुडालं, की माणूस अडून बसला, की मुंबईला गिरणीत निघून गेला? ते कागद सांगत नाही, घरातला म्हातारा सांगतो. म्हणून हल्ली कागद वाचून झाला की त्यातल्या गावात जाऊन विचारतो. गाबीत, खारवी, दालदी या मच्छीमारांच्या वस्त्यांत तर आम्ही नुकतेच जायला लागलोय. पहिल्यांदा गेलं की लोकांना वाटतं सर्वेवाला आला, जमीन जाणार. माझ्या जुन्या नोकरीची पुण्याई!

---

प्रथमपुरुषी_एकवचनी

मुंबईत राहतो. गावच्या घरी ट्रंकेत कागद आहेत. आजोबा गेल्यापासून कुणी उघडलेली नाही. दिवाळीत जाणार आहे. उघडू का? सरकारजमा होतात का? भाऊ म्हणतो, नको त्या भानगडीत पडू नको.

---

कारकून

सरकारजमा वगैरे काही होत नाही. पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे, त्यात ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित ७५ वर्षांच्या वर आणि इतर वस्तू १०० वर्षांच्या वर असल्या की पुरावस्तू धरतात. घरात ठेवायला मनाई नाही. परदेशी पाठवणं, परवान्याशिवाय धंदा करणं हे गुन्हे. मी एका कचेरीत जुनी दप्तरं सांभाळायचं काम केलंय, नाव सांगत नाही. तिथे कागदांची अवस्था तुमच्या ट्रंकेपेक्षा वाईट होती. छप्पर गळत होतं आणि बादली दप्तरावरच ठेवलेली.

---

सडाफटिंग

@प्रथमपुरुषी, जरूर उघडा, पण दिवाळीतल्या कोरड्या दिवसातच, आणि घरात पंखा लावून नको. (बुधवारच्या उलट!) वरचा कागद उचलण्याआधी ट्रंक आहे तशीच्या तशी फोटोत घ्या. कुठला कागद कशाखाली होता, कशासोबत बांधला होता, हीसुद्धा माहितीच असते. सगळे ओळीने लावून टाकले की ती गेली. प्रत्येक कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कारण पाठीवर बहुधा एका ओळीत कागदाचा विषय आणि तारीख असते. घडी उलगडत नसेल तर ओढू नका. चिकटलेली पानं तशीच राहू द्या. आणि भावाला सोबत घ्या. हिश्शाचा कागद निघाला तर दोघांनी एकदमच बघितलेला बरा, अनुभवाने सांगतो.

---

गजालखोर

काका, बरा लिवलात. माझो आजो तांडेल हुतो. घरात तेची जुनी पंचांगा असत, बांधून माळ्यार ठेवलेली. पानांच्या कडेक काय काय लिवन ठेवलेला असा. वारो, भरती, खयची व्हडी कधी ईली. आई म्हणता रद्दीक घाल. उपयोगाचा असा काय?

---

सडाफटिंग

रद्दीत घालू नकात! आईंना माझा दंडवत सांगा आणि ती पंचांगं आजच माळ्यावरून उतरवा. सोन्याचं घबाड आहे ते. मोडी कागदाची तारीख लावताना आमचा घाम निघतो, इथे तारीख पानावर छापलेली आहे! तिथी, वार, नक्षत्र सगळं, आणि शेजारी बंदरावर बसलेल्या माणसाची रोजची नोंद. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना येतो. तुमच्या आजोबांनी हिशेबाची भरती लिहिली की डोळ्यांनी पाहिलेली, हे त्या पानांवरून पडताळता येईल. आणि कुठली होडी कुठून, काय माल घेऊन आली? असली नोंद आम्ही ज्या दप्तरांत शोधतो तिथे फक्त जकात भरलेलं गलबत सापडतं.

देवगडपासून किती लांब राहता? मी येतो. शुक्रवार सोडून.

---

गजालखोर

लांब नाय. येवा. आई घावने करतली.

---

बंदरकर

धागा हायजॅक झाला घावन्यांवर :) एक शंका. कातळशिल्पं किती जुनी, हे ठामपणे कुणी का सांगत नाही? कुणी दहा हजार वर्षं म्हणतं, कुणी चाळीस, कुणी परग्रहवासी.

---

कातळभाषा

परग्रहवासी बाजूला ठेवू. भूगर्भशास्त्र शिकलोय म्हणून लिहितो. एरवी उत्खननात थर असतात, थरात कोळसा किंवा हाड मिळालं तर वय काढता येतं. सड्यावर थरच नाही, उघडा जांभा. कोरलेल्या खाचेत अडकलेली माती गेल्या पावसाळ्याचीही असू शकते. म्हणून आजूबाजूच्या गुहांतली, वस्त्यांतली दगडी हत्यारं, आणि चित्रात काय आहे काय नाही, यावरून अंदाज बांधतात. गेंडा आहे, आज कोकणात गेंडा नाही. हत्ती आहे, मासे आहेत, पण शेती दिसत नाही. यावरून शिकारी-संकलक लोकांची असावीत असा बहुतेक अभ्यासकांचा कल. देवाचे गोठणेला होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, त्यावरून यूट्यूबवर वाटेल ते चालतं. जांभ्यात लोह असतं मंडळी. वीज पडूनही दगडात असं चुंबकत्व येऊ शकतं.

---

हापूसप्रेमी

यूट्यूबवाल्यांचं तेवढं ऐकतात लोक. काकांचं पायारेषेचं ऐकायला कोण थांबतं?

---

सौ_सडाफटिंग

मी थांबते. दुसरा पर्याय नाही म्हणून.

हे गृहस्थ रविवारी सकाळी सहाला निघतात, दुपारी दोनला येतात आणि भाताबरोबर लॉकियर. परवा शेजारच्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात देवळाबाहेरच्या वीरगळाजवळ (वीराच्या स्मारकाच्या दगडाजवळ) गुडघे टेकून मोबाइलची बॅटरी तिरकी मारत बसले होते. लोकांना वाटलं चक्कर आली. बाकी वर जे लिहिलंय त्यात एक राहिलं. मंगळवारचं टाइपिंग मी करते. डोळे माझे दुखतात.

---

तिसरी मंझिल

वहिनी, _/\_ हा खरा इतिहास.

---

सडाफटिंग

...

(वरचा मजकूर मंडळाच्या नोंदवहीत जसाच्या तसा घेतला आहे.)

---

कारकून

वीरगळाचा विषय निघालाच आहे तर. आमच्या देवळाचा जीर्णोद्धार चाललाय. जुने दगड, दोन वीरगळ आणि एक गधेगाळ बाजूला काढून ठेवलेत. कमिटी म्हणते पॉलिश करून नव्या भिंतीत बसवू. गधेगाळ अश्लील म्हणून पुरून टाका, असंही एकाचं म्हणणं. काय करावं?

---

सडाफटिंग

आधी कमिटीतल्या सगळ्यात कडक माणसाला पटवा, मग दगडाला हात लावा. गधेगाळ म्हणजे शापाचा दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये बहुधा लेख, खाली गाढवाचं ते चित्र. हे दान जो मोडेल त्याच्या घरातल्या बाईची अशी अवस्था होईल, असा दम. शिव्या बाईवरूनच द्यायची रीत हजार वर्षं जुनी दिसते, यावर @तिसरी मंझिल यांनी स्वतंत्र धागा काढावा. पण तो दगड म्हणजे तुमच्या गावच्या जमिनीच्या दानाची पावती आहे. अलिबागजवळ आक्षीला असाच गधेगाळ आहे. त्यावरचा लेख शके ९३४ चा वाचतात आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणतात. तो रस्त्याकडेलाच होता. तुमच्या दगडावर काय आहे कुणास ठाऊक!

पॉलिश अजिबात नको, अक्षरं जातील. तेल, शेंदूर, सिमेंट नको. पीठ चोळून वाचायची जुनी खोड असते, तीही नको. रात्री काळोखात एका बाजूने बॅटरी तिरकी धरा आणि चहूबाजूंनी फोटो काढा. दिवसा न दिसणारी ओळ रात्री दिसते (म्हणूनच साखरपुड्यात गुडघे टेकले होते). ठसा घ्यायचा तर तो जाणकाराकडूनच. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा आणि सुकत आला की शाईची पुरचुंडी हलकी फिरवायची. हात जड पडला तर कागदही जातो आणि दगडही काळा होतो. दगड मूळ कुठे, कुठल्या दिशेला तोंड करून उभा होता ते आजच लिहून ठेवा, काढणारे गवंडी अजून गावात आहेत तोवर. मग देवळाच्याच आवारात छपराखाली उभा करा. पुरातत्त्व खात्याला पत्र टाका आणि पोच घ्या.

---

नाखवीण

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. तिसरी मंझिल यांचा प्रतिसाद वाचून काल सासूबाईंना बसवलं. वय पंच्याऐंशी, माहेर वेंगुर्ल्याकडचं. जात्यावरच्या ओव्या म्हणते म्हणाल्या आणि निघालं भलतंच. लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईहून बोटीने आल्या होत्या ते सांगत बसल्या. बोट धक्क्याला लागायची नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची, मग पडावात (छोट्या होडीत) उतरायचं. लाटेवर पडाव वर आला की उडी मारायची, नऊवारीत, हातात पत्र्याची ट्रंक. 'रामदास' बोट बुडाली ती १९४७ च्या जुलैत, सहाशेंवर माणसं गेली. त्यांच्या आईने म्हणे तेव्हापासून गटारी अवसेला कुणाला समुद्रावर जाऊ दिलं नाही.

आणि मग बंदरं एका दमात म्हणून दाखवली: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. मधली काही सुटली असतील. रेकॉर्डिंग पंखा लावून झालंय, माफी. याचं पुढे काय करू?

---

बंदरकर

माझे वडील पूर्णगडही म्हणायचे. सगळ्याच बोटी सगळीकडे थांबत नसत.

---

सडाफटिंग

@नाखवीण, पूर्णगड आता सासूबाईंच्या यादीत घालू नका. त्यांनी म्हटलं तेच आणि त्याच क्रमाने उतरवा. बंदरकरांच्या वडिलांचं वेगळ्या ओळीत, त्यांच्या नावाने. फाइलला नाव देताना सासूबाईंचं माहेरचं गाव, सासरचं गाव आणि रेकॉर्डिंगची तारीख घाला, 'आई १' असं नको. पुढच्या खेपेला एवढंच विचारा की पडावातून किनाऱ्यावर उतरवायला कोण असायचं, पैसे किती घ्यायचे, आणि बायकांना खांद्यावरून नेत की पाण्यातून चालत जावं लागे. हे कुठल्याही कचेरीच्या दप्तरात मिळणार नाही.

ओव्या राहिल्याच की! त्या माझ्यासमोर म्हणणार नाहीत, तुम्हालाच बसावं लागेल. तुमच्याकडे जातं आहे का अजून? नुसतं तोंडाने म्हणायला सांगितलं तर ओळी अडतात, खुंटा हातात दिला की येतात.

---

नाखवीण

जातं मागच्या पडवीत आहे, त्यावर कुंडी ठेवलीय. उद्या कुंडी हलवते. नाचणी दळायला घेऊ ना?